दार तेवढं राहिलं

बालाघाटात कुणाला न्हाणीघर नवं करायचं असलं की डोमाजी मिस्त्रीचं नाव निघायचं. आणि डोमाजीला बोलावलं की तो थापी हातात घ्यायच्या आधी खुर्ची मागायचा. खुर्चीत ऐसपैस बसून, चहाचा अर्धा कप रिकामा झाल्यावर, तो घरमालकाला पाच प्रश्न विचारायचा. हे प्रश्न त्याला कुठल्या कॉलेजाने शिकवले नव्हते. तीस वर्षं लोकांच्या चुका फोडून काढता काढता ते त्याला सापडले होते, हे खरं. पण ते विचारताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की हा गृहस्थ वैनगंगेवर धरण बांधायला आला आहे असं वाटावं.

पहिला प्रश्न, घरात बसून आंघोळ करणारे किती आणि उभ्याने करणारे किती? कारण नळाची उंची त्यावर ठरते. दुसरा, टाकी किती उंचावर आहे? टाकी डोक्याला टेकलेली असेल तर परातीएवढा शॉवर लावून उपयोग काय. तिसरा, पाणी जाणार कुठे? चौथा, ओल बाहेर कशी निघणार, झरोका कोणत्या भिंतीला? आणि पाचवा, दार कोणत्या बाजूला उघडणार, आत की बाहेर?

"आतमंदी कोणी घसरून पडलं, अन् दार आतच उघडत असन, तं त्याले बाहेर काढान कसे?" असं विचारून तो उरलेला चहा एका घोटात संपवायचा. घरमालकीण तोवर मोबाइलमधला गुलाबी टाइलचा फोटो घेऊन उभीच असायची. डोमाजी त्या फोटोकडे बघायचाही नाही. "रंग शेवटी, बाई. रंग तं लेकरूबी सांगते."

लोक गार व्हायचे. मलाजखंडच्या खाणीच्या कॉलनीतून एका इंजिनियराने त्याला न्यायला गाडी पाठवली होती, ते त्याने वर्षभर सगळ्यांना सांगितलं. किरनापूरहून, लामत्याहून फोन यायचे. फोन तो नेहमी स्पीकरवर लावायचा, कारण आपलं ज्ञान एकाच माणसाच्या कानात वाया जावं हे त्याला पटायचं नाही. फोन ठेवला की तो त्या माणसाची अक्कल काढायचा. "काय अडानी लोक हायेत! पान्याले ढाल कोनीकडे द्याची ते ठाऊक नाई, अन् टाइल इटलीची पाह्यजे."

हे सगळं ऐकायला घरात एकच श्रोता होता, त्याची बायको कमला. ती चुलीपुढे बसून पोळी उलटायची आणि गप्प राहायची. डोमाजीला वाटायचं, बाई ऐकून थक्क झाली. कमला थक्क वगैरे काही होत नव्हती. तिला ते पाचही प्रश्न तोंडपाठ होते आणि एकतीस वर्षांत त्यातला एकही तिला कुणी विचारला नव्हता.

कारण डोमाजी मिस्त्रीच्या स्वतःच्या घरात न्हाणी नव्हती.

मागच्या अंगणात, बोरिंगच्या शेजारी, चार बांबू रोवलेले होते. तीन बाजूंना टीन ठोकलेलं, चौथ्या बाजूला जुनं लुगडं लावलेलं, खाली एक फरशी. लग्न होऊन आली तेव्हा डोमाजीने ते उभं करून दिलं होतं आणि म्हणाला होता, "सध्यापुरतं हाये." सध्या म्हणजे किती, हे तिने पहिली दहा वर्षं विचारलं. मग सोडून दिलं. सरकारी योजनेतला संडास नंतर आला, पण तो इतका अरुंद की त्यात बादली ठेवली तर माणूस मावत नसे. त्यामुळे आंघोळ लुगड्याआडच. वारा आला की एका हाताने लुगडं धरायचं आणि दुसऱ्या हाताने पाण्याचा गडवा. दोन्ही हातांनी, निवांत, डोक्यावरून पाणी घेतलंय असं तिला लग्नानंतरचं आठवत नव्हतं.

माहेरी लामत्याला असं नव्हतं. तिथे तर भिंतही नव्हती. बाया नाल्यावर जायच्या. पण बाया नाल्यावर गेल्या की त्या वेळी गावातला एकही पुरुष त्या वाटेने फिरकायचा नाही. कुणी सांगावं लागत नसे. कमलाला त्या नाल्यावर कधी लाज वाटली नव्हती. लाज वाटायला ती बालाघाटात, टाइलच्या मिस्त्रीच्या घरी आली.

तिची मुलगी अपेक्षा गोंदियाला दिली होती. नवऱ्याच्या घरी तिला आत न्हाणी होती, दार होतं, दाराला कडी होती. लग्नानंतर ती माहेरी यायची ती सकाळच्या गाडीने आणि परतायची संध्याकाळच्या गाडीने. मुक्काम नाही. कमलाने एकदा खूप आग्रह केला तेव्हा ती आईची नजर चुकवत म्हणाली, "आई, सकाळी आंघोळीचं कसं करू?" कमलाने पुन्हा आग्रह केला नाही. शाळेत ती बायकांच्या बचत समूहातर्फे पोरांचं जेवण शिजवायची; त्या दिवशी दीडशे पोरांची भाजी तिच्या हातून खारट झाली.

डोमाजीला ही गोष्ट तिने सांगितली. तो म्हणाला, "मोठ्या घरात गेली तं नखरे शिकली."

आता त्या गोदामाबद्दल सांगायला हवं. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, सात वर्षांपूर्वी, डोमाजीने विटांची एक खोली बांधली होती. पक्की, प्लास्टर केलेली, आत लाइट. त्यात त्याची कटर मशीन राहायची, टाइल चिकटवायच्या केमिकलच्या गोण्या राहायच्या, आणि राहायच्या उरलेल्या टाइल. कारण मिस्त्रीचा एक नेम होता. घरमालकाला टाइलचं माप देताना तो एक पेटी जास्त सांगायचा. "फुटतूट होते बापा, मंग सेम रंग भेटत नाई." फुटतूट काही व्हायची नाही, डोमाजीचा हात तेवढा बसलेला होता. काम संपलं की ती पेटी तशीच असायची आणि डोमाजी म्हणायचा, "पडून राहीन तुमच्या घरी. मी नेतो." घरमालक उलट त्याचेच आभार मानायचे. असे दोन-अडीचशे घरांचे उरलेले तुकडे त्या खोलीत भिंतीला टेकून उभे होते.

आणि त्या खोलीला दार होतं. साधं नव्हे. गावातलं एक जुनं घर पाडताना डोमाजीने ते मागून आणलं होतं. एका फळीचं, अस्सल सागवानी, दोन बोटं जाड. ते त्याने आणलं त्याच दिवशी बसवलं, बाहेरून मोठी कडी, तिला कुलूप, आणि किल्ली स्वतःच्या करदोट्याला. "सामान चोरीले जाते," तो म्हणाला. दर वर्षी उन्हाळ्यात त्या दाराला जवसाचं तेल कमलाच लावायची. फडक्याने तेल घासताना तिच्या मनात काय यायचं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. गोण्यांना दार लागतं आणि बायकोला लागत नाही, हे समजायला काही फार शिकावं लागत नाही.

हे असंच आणखी वीस वर्षं चाललं असतं. पण शेजारच्या हिरालाल किराणावाल्याने दुसरा मजला चढवायला घेतला.

हिरालाल भला माणूस. त्याचा स्लॅब टाकून झाला, त्यावर पाणी मारायला त्याने डोमाजीच्या बोरिंगचं पाणी मागितलं, डोमाजीने ऐटीत दिलं. एका सकाळी कमला लुगड्याआड बसली होती, अंगाला साबण लागलेला. आणि वरून, अगदी डोक्यावरून आवाज आला, "अम्मा, मोटर बंद कर दो, पानी भर गया."

तिने वर पाहिलं. स्लॅबच्या कडेला एक मजूर उभा होता. बिचाऱ्याने तोंड दुसरीकडे फिरवलेलं होतं. तोंड फिरवलं होतं, म्हणजे आधी दिसलं होतं. कमला तशीच साबणाच्या अंगावर पातळ गुंडाळून उठली, मोटर बंद केली आणि घरात आली. त्या दिवसापासून ती पहाटे साडेचारला, अंधार असताना आंघोळ करू लागली. थंडीचे दिवस. गुडघे धरायचे.

आठवड्याने ती डोमाजीपुढे जाऊन उभी राहिली. तो जेवत होता.

"मले न्हाणी पाह्यजे. भिंतीची, दाराची."

"करतो ना."

"केव्हा?"

डोमाजीने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला बहुधा काहीतरी वेगळं दिसलं असावं. "या महिन्यातच करतो. अशी न्हाणी करतो, का बालाघाटात कोनाची नसन."

हे त्याने खरं केलं. तशी न्हाणी बालाघाटात दुसरी कुणाची नसेल.

संध्याकाळी कामावरून आला की तो बांधायला बसायचा. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच जागा धरली. कमलाने दुसऱ्याच दिवशी त्याच्याजवळ जाऊन सांगितलं, "मी बसून आंग धुतो. नळ खालती ठेवजा. अन् खालची टाइल खरबरीत पाह्यजे, माहे गुडघे धरतेत." बाई नीट, मुद्द्याचं बोलली होती, हेच एखाद्या साहेबाने सांगितलं असतं तर डोमाजीने त्याची पाठ थोपटली असती. बायकोला तो म्हणाला, "तुले काय समजते त्यातलं? तू पाह्यत राह्य."

ती पाहत राहिली. गोदामातून एकेक तुकडा निघत गेला आणि भिंतीवर चढत गेला. एका ओळीत डॉक्टरच्या घरचे निळे डॉल्फिन, त्याखाली वकिलाचा संगमरवरी नक्षीचा पांढरा, त्याच्या शेजारी कुणा ठेकेदाराच्या स्वयंपाकघरातल्या चहाच्या किटल्या. हो, किटल्या. एका कोपऱ्यात द्राक्षांचे घड. खाली जमिनीवर आरशासारखी गुळगुळीत काळी टाइल, जी एका हॉटेलवाल्याच्या काउंटरला लावून उरली होती. कमलाला प्रत्येक तुकड्याचं घर ठाऊक होतं, कारण त्या प्रत्येक घराची मूर्खपणाची गोष्ट तिने पोळ्या करताना ऐकलेली होती. सगळ्या गावाचं उष्टं माझ्या न्हाणीत वाढून ठेवलंय, असं तिला वाटलं आणि तिने ते तोंडावर सांगितलं.

"उष्टं कायचं? एकेक टाइल पाह्य. डॉक्टरच्या न्हाणीतली हाये ते."

"डॉक्टरच्या न्हाणीत सगळ्या सारख्या असन ना?"

डोमाजी खो खो हसला. मग त्याने शॉवर बसवला. परातीएवढा. एका गिऱ्हाइकाला नको झालेला. टाकी मात्र घराच्या टीनावर, शॉवरच्या वर जेमतेम हातभर. त्यातून पाणी पडायचं नाही, घामासारखं सुटायचं. नळ कमरेच्या उंचीला, कारण जुना पाइप तेवढाच होता. आपल्या पाचांपैकी दोन प्रश्नांची उत्तरं त्याने अशी चुकवली. झरोका ठेवला, बरोबर ठेवला. आणि ढाल! ढाल त्याने लेव्हलची नळी लावून अशी दिली, की तांब्याभर पाणी सांडलं तर ते क्षणात एका कोपऱ्यातल्या जाळीकडे धावायचं, एक थेंब मागे राहायचा नाही. कमलाला तेच सर्वात जास्त झोंबलं. या माणसाला येत नव्हतं असं नव्हतं. येत होतं सगळं. तिच्यासाठी करायचं तेवढं त्याच्या मनात नव्हतं.

चौकट बसली. ती एका पडक्या घराची होती. तिचं मूळ दार वाळवीने खाल्लं म्हणून फेकून दिलेलं. चौकट बसवून डोमाजीने हात धुतले आणि लांब उभा राहून न्हाणीकडे बघत राहिला.

"अन् दार?" कमलाने विचारलं.

"दार तेवढं राह्यलं."

टाइल उरते, पाइप उरतो, नळ उरतो. दार कुणाचं उरत नाही. एका न्हाणीला एक दार लागतं आणि लोक एकच दार आणतात. डोमाजीच्या गोदामात जगातली प्रत्येक वस्तू होती, दार नव्हतं, म्हणजे गोदामाचं स्वतःचं सोडून. "निंगन कोनाचं तरी," तो म्हणाला. "लोक न्हाणी तोडतेतच. एखादं चांगलं दार निंगलं का आनतो."

"दुकानात प्लास्टिकचं भेटते. मी आनतो माह्या पैशानं."

डोमाजीला हे फार लागलं. डोमाजी मिस्त्रीच्या घरी प्लास्टिकचं दार? लोक तोंडात शेण घालतील. लावलं तर सागवानाचंच लावीन, नाहीतर नाही. तोपर्यंत त्याने गोदामातून एक पडदा काढला, कुणाच्या तरी बाथटबचा उरलेला. पातळ प्लास्टिकचा, त्यावर नारिंगी मासे. लाइट लावला की त्या माशांमधून आतल्या माणसाची पूर्ण आकृती दिसायची. लुगडं तरी बरं होतं, ते जाड होतं.

तीन महिने ते मासे तिथेच लोंबत राहिले. कमला पहाटे साडेचारलाच उठत राहिली, आणि लाइट न लावता अंधारात, त्या गुळगुळीत काळ्या टाइलवर पाय रोवून बसायला शिकली. अपेक्षा एकदा येऊन गेली. आईच्या नव्या न्हाणीचं तिने कौतुक केलं, पडदा बोटाने बाजूला करून पाहिला, आणि संध्याकाळच्या गाडीने गेली.

मग तो रविवार आला. रविवारी शाळा नसायची, त्यामुळे कमलाला उशीर चालायचा. ऊन निघालं होतं, डोमाजी सकाळीच गावात गेला होता, हिरालालच्या गच्चीवर काम बंद होतं. तिने विचार केला, आज उजेडात डोक्यावरून पाणी घेऊ. कित्येक वर्षांनी केस सोडून बसली. दोन गडवे ओतले असतील, तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या आणि डोमाजीचा साहेबांशी बोलतानाचा आवाज आला.

किरनापूरहून कुणी विवेक साहेब आले होते, बायको रचना बरोबर. त्यांना घरचं न्हाणीघर मोडून नवं करायचं होतं. डोमाजीने त्यांना नमुना दाखवायला आणलं होतं. अडीचशे घरांच्या टाइल एका जागी लावलेल्या; यापेक्षा चांगली शोरूम बालाघाटात कुठे मिळणार! न्हाणी कुणासाठी बांधली होती, ते कमलाला तेव्हा कळलं.

"कमला, आत हायेस का वो? जरा लवकर निंग. साहेब पाहाले आले."

 ओले केस पाठीला चिकटलेले, मासे समोर हलत होते, आणि त्यांच्यापलीकडे तीन माणसं उभी होती. तिने खाली पडलेलं पातळ ओढून घेतलं आणि भिंतीच्या कोपऱ्यात, किटल्यांना पाठ लावून, गुंडाळू लागली. बाहेर डोमाजीला वेळ घालवायचा होता म्हणून त्याने साहेबांना प्रश्न विचारायला घेतले. बसून की उभ्याने. टाकी किती उंच. पाणी कुठे जाणार. एकेक प्रश्न, त्याच त्या सुरात.

"अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हंजे दार," तो म्हणाला. "हे पह्यले ठरवा, साहेब. दार नसन तं ते न्हाणीच नाई. निस्ता ओटा समजा."

पडद्याला हात न लावता कमला त्याच्या बाजूने बाहेर आली. ओल्या पातळाचं पाणी तिच्या मागे अंगणभर सांडत गेलं. विवेक साहेब चटकन वळून बोरिंगकडे बघू लागले. रचनाने मात्र तिच्याकडे पाहिलं, मग माशांच्या पडद्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "मिस्त्रीजी, इसका दरवाज़ा?"

"दार तेवढं राह्यलं," डोमाजी हसत म्हणाला. "घरचीच तं हाये. तिले काय लागते दार!"

रचना हसली नाही. कमला घरात गेली, दार ओढून घेतलं आणि केस पुसायला बसली. राग येईल, रडू येईल, असं तिला वाटलं होतं. तसं काही आलं नाही. एकतीस वर्षं ती या माणसाला थोडी भीत आली होती, थोडं मानत आली होती. त्याची विद्या खरी होती ना, म्हणून. आता आत डोकावून पाहिलं तर त्यातलं काहीच सापडेना. उरली होती ती निखळ किळस, आणि तिच्याबरोबर एक प्रकारची हुशारी.

सोमवारी डोमाजी मलाजखंडला गेला. दोन दिवसांचं काम होतं. गोदामाला कुलूप लावलं, ओढून बघितलं, किल्ली करदोट्याला बांधली. तो कोपऱ्यावरून वळला तशी कमलाने शाळेत आज येत नाही म्हणून कळवलं आणि पुनाराम सुताराला फोन लावला.

पुनाराम आला, जय भीम केला, पाणी प्यायला. कमलाने त्याला गोदामापुढे नेलं. "हे दार काढाचं. अन् तिकडे न्हाणीले लावाचं."

पुनारामने कुलपाकडे पाहिलं. "वहिनी, दादाले विचारलं का?"

"एकतीस वर्ष विचारलं."

 पुनारामही डोमाजीला तीस वर्षं ओळखत होता. डोमाजीने त्याला कित्येकदा चारचौघांत शिकवलं होतं की सुताराला काटकोन समजत नाही. त्याने पिशवीतून हातोडी काढली. कुलपाला त्याने हातही लावला नाही. बिजागऱ्यांच्या खिळी ठोकून वर काढल्या, कडीचा कोंडा चौकटीतून उपसला, आणि दार अलगद उचलून बाजूला घेतलं. कुलूप बंदच होतं. ते कोंड्यासकट दारालाच लोंबत राहिलं.

मग त्याने न्हाणीच्या चौकटीचं माप घेतलं आणि डोकं खाजवलं. "वहिनी, चार बोटं रुंद होते. कापा लागन. एकदा कापलं तं मंग गोदामाले परत बसनार नाई, पाहा."

कमला क्षणभरही थांबली नाही. "काप."

"बरं. आतमंदी उघडू का बाहेर?"

हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारला होता. ती म्हणाली, "बाहेर. आतमंदी मी पडली तं काढता आलं पाह्यजे ना कोनाले. अन् कडी आतून लाव, खालती. बसूनबी हात पोचला पाह्यजे." मग तिने तिथेच उभं राहून उरलेलंही सांगून टाकलं. नळ कमरेवरून खाली आणायला नळवाल्याला बोलावलं. शॉवर काढायला लावला. काळ्या टाइलवर बसण्यापुरती आपली जुनी खरबरीत फरशी, लुगड्याआडची, उचलून आणून ठेवली. अंगणातले चारही बांबू उपटून चुलीत घातले. दुपार टळायच्या आत सगळं झालं.

पुनाराम निघताना माशांचा पडदा काढून हातात घेऊन उभा राहिला. "हे काय करू?"

"गोदामाले लाव," कमला म्हणाली. "सामान उघडं बरं दिसत नाई."

संध्याकाळी तिने गोंदियाला फोन केला. "ये. राहाले ये. आठ दिवस राह्य." अपेक्षाने विचारलं, काही झालं का? कमला म्हणाली, "दार लागलं."  मग अपेक्षा म्हणाली, "शनिवारी येते."

डोमाजी मंगळवारी उन्हं कलताना परतला. बसमधून उतरून कटर मशीन खांद्यावर घेतली आणि सवयीने किल्ली करदोट्यातून सोडवत गोदामापाशी गेला. तिथे नारिंगी मासे हलत होते. त्यांच्या आडून केमिकलच्या गोण्या, पेट्या, नळ, सगळं स्वच्छ दिसत होतं. वर हिरालालच्या गच्चीवर मजूर काम करत होते. एकजण खाली बघत होता. डोमाजीने ओरडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्याला अंगणापलीकडे आपलं दार दिसलं, आणि त्यावर आपलं कुलूप.

तो धावत गेला. दाराला हात घातला, ओढलं. आतून कडी होती.

"कमला! कमला, हे काय केलं? माहं सामान..."

आत पाण्याचा आवाज झाला. गडवा भरल्याचा, मग ओतल्याचा. घाई नव्हती.

"दार कापलं? सागवान कापलं तुनं? आता ते तिकडे बसन कसं?" त्याने दारावर थाप मारली. दोन बोटं जाड दार, वाजलंसुद्धा नाही नीट. "उघड पह्यले!"

"मी आंग धुवून राह्यली," आतून कमला म्हणाली. "पाहाले कोनी साहेब आले असन तं थांबव त्यायले."

डोमाजीच्या हातात किल्ली होती. त्याने कुलपाकडे पाहिलं. त्याच्या किल्लीने ते उघडलं असतं. पण त्या कुलपाने आता काहीच बंद नव्हतं. तेवढ्यात खिशात फोन वाजला. घाईने बंद करायला गेला तर बोट भलतीकडेच लागलं आणि सवयीप्रमाणे तो स्पीकरवर सुरू झाला. लामत्याहून कुणीतरी विचारत होतं, मिस्त्री, न्हाणी नवी कराची हाये, पह्यले काय ठरवाचं?

 दोनदा हॅलो हॅलो झालं. वर गच्चीवरच्या मजुराने तोंड फिरवलं.

आत कमलाने केस सोडले, दोन्ही हातांनी गडवा धरला आणि डोक्यावरून ओतला. पाणी काळ्या टाइलवरून जाळीकडे धावलं, एक थेंब मागे न ठेवता. बादली संपली. बाहेर डोमाजी अजून दाराशी उभा होता, ते तिला दाराखालच्या फटीत दिसणाऱ्या त्याच्या पायांवरून कळत होतं. ती उठली नाही. नळ तिच्या हाताशी होता. तिने तो सोडला आणि बादली पुन्हा भरायला लावली.